फळीला मीठ

रेजिनबाय गेल्या आश्विनात घसरली.
होडी मार्वेच्या धक्क्याला लागलेली,
ओहोटी होती, धक्का उंच,
तिनं सवयीनं बाकावर पाय दिला,
आणि बाक नव्या ऑइलपेंटचा, आरशासारखा.
मनगट मोडलं. पाटीतली वांगी खाडीत.
मला ती एक शब्द बोलली नाही.
प्लास्टरातला हात कुशीत घेऊन
त्याच बाकावर येऊन बसत राहिली,
दीड महिना.

बा म्हणायचा,
होडीत बाक ही आधी पायरी, मग बैठक.
मी रंग निवडताना फक्त बैठक पाहिली होती.

यंदा होडी वर ओढली, ताडपत्री घातली,
आणि जुन्या सागाची सहा फळकुटं
पडवीत ओळीनं मांडली.
मालाडचा रंगवाला रश्मिनभाई म्हणाला,
"वॉर्निश घ्या ना, बंगल्याच्या दारासारखं!"
दारावर कोणी ओल्या पायानं चढत नाही, भाई.

पहिल्या फळीला चंद्रूस आणि जवसाचं तेल, बाच्या मापानं.
उकळताना असा वास सुटला
की मी दोनदा मागं वळून पाहिलं.
पण दुपारच्या उन्हात ते पाघळतं,
माणूस उठला की चर्रकन आवाज येतो
आणि सगळी होडी त्याच्याकडे बघते.

दुसरीला रबरी चटई. पाय घट्ट, तक्रार नाही.
तरी डॉम्निकच्या होडीतली चटई मी उचलून पाहिली:
खाली फळी काळी,
बोट दाबलं तर आत जाणारी, भिजल्या पावासारखी.

तिसरीला इपॉक्सी, वर चाळलेली रेती.
यावरून मांजरसुद्धा घसरणार नाही.
शेजारच्या मावशीला बसवलं.
उठली तेव्हा लुगड्याचे चार धागे फळीलाच राहिले.
"पडणार नाही गं मी," ती म्हणाली,
"पण उघडी पडेन."

चौथीचं सांगण्यासारखं काही नाही.
पाचवी कोणीतरी चुलीत घातली.

सहावीला दोन डब्यांचा पीयू, कालवून.
भाऊच्या धक्क्यावरच्या एका तांडेलानं सांगितलेलं,
ओल्या हातावर साखर पेर, सुकली की धुऊन टाक,
साखर जाते, खळगे राहतात.
पेरली. सकाळी पाहते तर
अख्ख्या मनोरीच्या मुंग्या फळीवर,
निम्म्या चालत, निम्म्या कायमच्या.

मग आय आतून मिठाचा डबा घेऊन आली.
गोराईच्या आगरातलं, जाडं.
मी म्हटलं, मीठ? लाकडाला?
ज्यानं खिळे खाल्ले, इंजिनाचा पाइप खाल्ला,
बाच्या टाचांना भेगा पाडल्या, ते?
ती काही ऐकेना.
खारवायच्या मासळीवर टाकतात तसं
मनगट झटकत, चिमटीतून, उंचावरून,
कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही.
हे माप डब्यावर छापलेलं नसतं.

तीन दिवस ताडपत्रीखाली.
चौथ्या दिवशी बादल्यांवर बादल्या,
मीठ वाहून गेलं.
फळीवर राहिले देवीच्या वणांसारखे बारीक खड्डे.
साबणाचं पाणी ओतलं, वर कोलंबीचं धुवण,
अनवाणी उभी राहिले, डुलले, उडी मारली.
टाच हलली नाही. हात फिरवला, टोचलं नाही.
मग सगळे बाक तसेच.
फक्त धक्क्याकडच्या टोकाला वीतभर रेती,
पाय ठेवायला.

नारळी पुनवेनंतरची पहिली फेरी.
रेजिनबाय आली, पाटीत दुधी.
रेतीवर पाय द्यायचा सोडून
नेमकी मधोमध चढली, पूर्वीसारखीच.
बाकानं धरलं.
बसली. वाकडा जुळलेला हात फळीवर फिरवला,
पुन्हा फिरवला.
"रंगाला फोड आलेत बघ," म्हणाली.
"फसवलं तुला रंगवाल्यानं."

"हो ना," मी म्हटलं, "सांगते त्याला,"
आणि दोर सोडला.