सहीची जागा

तेल बदल, चालेल.
टायर, प्लग, दिव्याचा बल्ब,
इतकं नियमात बसतं.
मॅग्नेटो मात्र उघडायचा नाही,
हे इंगा होवलँडला
नॉर्थ डकोटाच्या उणे वीस थंडीत
पत्र्याच्या हँगरमध्ये लायल ऐकवतो,
लायसन्सवाला लायल.

ती दातांनी हातमोजा ओढते,
कान इंजिनाकडे, नजर दाराबाहेरच्या बर्फावर.
"डावा. आतला पॉइंट झिजलाय."

तो उघडून बघतो.
झिजलेलाच असतो.

बारा वर्षांचा होता तेव्हा
याच बाकाशी, मनगट धरून,
पान्याला जोर किती द्यायचा
आणि कुठे थांबायचं
हे तिनेच तर शिकवलेलं.

दिवस मावळताना लॉगबुकात
तारीख, नंबर, सही. त्याची.
ती शाईवर फुंकर घालते,
वही मिटते,
किती झाले विचारते.

लायल टोपी शोधत राहतो.
टोपी डोक्यावरच आहे.