दोन्ही बाजू

दवाखान्याच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान,
मिरजेत, तेहतीस वर्षं.
अथणीचे, जमखंडीचे, जतचे लोक
पहाटेच्या गाडीनं उतरतात
आणि पिशवीतून आजार काढून
माझ्या काचेवर पालथा घालतात.
पानाला दोन रुपये.
डिस्चार्ज कार्ड, बिलं, आधार, कॅन्सल चेक –
क्लेमला काय काय लागतं ते
एजंटापेक्षा मला जास्त पाठ आहे.
कन्नडमधूनही सांगतो.

कुणाचं हृदय, कुणाची किडनी,
मी वाचत नाही.
म्हणजे वाचतो, पण विसरतो.
एक विसरलो नाही :
कागवाडचा कल्लाप्पा, पंप दुरुस्तीवाला.
'पूर्वीचा आजार : नाही' असं लिहून दिलेलं,
आणि दमा लहानपणापासूनचा.
सव्वादोन लाख नामंजूर.
त्या पत्राच्याही त्यानं तीन प्रती काढल्या.
पैसे घेतले नाहीत मी.

पद्मजाचा फोन आला तेव्हा आमचं जेवण झालं होतं,
दिवस मावळायच्या आत जेवतो आम्ही.
तिथं लाइपझिगला दुपारचे दोन,
तिच्या पाठीमागं बर्फाचा उजेड.
"अण्णा, तिशी ओलांडली म्हणून
विद्यार्थ्यांचा विमा बंद झाला माझा.
खाजगी कंपनी बघतेय.
विम्याचा कागद दाखवल्याशिवाय इथं राहू देत नाहीत.
बावीस प्रश्न आहेत, पटापट सांगा.
कावीळ कधी झाली होती मला?"
दुसरीत.
"हाताचं हाड?"
डावं मनगट. चौथीत, तळ्याच्या कठड्यावरून.
"सतरावा. कधी फिट, झटका, शुद्ध हरपणं?
नाही ना? नाही लिहिते."

मी काही बोललो नाही.
आत भांडी विसळायची थांबली.

अडीच वर्षांची होती. तीन वेळा.
मुठी आवळलेल्या, डोळे पांढरे,
आणि कुसुम तिला घेऊन रस्त्यावर, अनवाणी.
दोन वर्षं औषध. मग काही नाही, कधीच नाही.
डॉक्टर म्हणाले, बरी झाली, विसरा.
कुसुम म्हणाली, विसरायचंच. मुलीची जात,
उद्या स्थळं येतील, लोक विचारतील.
स्थळं आली. लोकांनी विचारलं.
आम्ही पत्रिका दाखवली.
तो कागद गव्हाच्या पिंपात तळाशी,
कडुनिंबाच्या पाल्याखाली.
दरवर्षी गहू नवे, पाला नवा.
साऱ्या मुलखाचे कागद मी दुप्पट करत आलो,
एवढा एकच कधी काचेवर ठेवला नाही.

"अण्णा? रेंज गेली का?"

रेंज होती.
म्हटलं, थांब. नाही लिहू नकोस.

नंतर कोण किती बोललं ते नीट आठवत नाही.
ती एवढंच म्हणाली,
"म्हणून आई मला दहावीपर्यंत एकटीला झोपू देत नव्हती?"
आणि, "हप्ता वाढेल."
आणि थोड्या वेळानं पुन्हा, "हप्ता वाढेल जरा."
रडली नाही. रागावली असेल,
ते सावकाश कळेल.

शटर अर्धंच वर केलं.
मशीन जुनं, तापायला वेळ घेतं.
कुसुम शेजारी, कोपरापर्यंत गव्हाचा भुसा.
कागद घडीवर फाटलेला, सही पुसट,
शिक्का मात्र अजून जांभळा.
हिरवा उजेड त्याच्या अंगाखालून
या टोकापासून त्या टोकाला गेला.

पाठवला. पाच मिनिटांनी उत्तर :
"मागं पण काहीतरी लिहिलंय, पुढं उमटलंय.
दोन्ही बाजू पाठवा."

मागं कुसुमचं अक्षर.
बॉलपेन, शिसपेन्सिल, हाताला लागेल ते.
तारीख, वाजले किती, औषध किती,
झोपली, झोपली नाही,
पहाटे तीन चाळीसला हसली.
जागा संपली तिथून समासात, आडवं.
विमा कंपनीला याचा काडीचा उपयोग नाही.
सांगितलं ना, क्लेमला काय लागतं
ते मला पाठ आहे.

कागद पालथा केला.
कुसुम म्हणाली,
जरा गडद काढा.