डाव्या हाताची मूठ

मे महिन्यात दुपारी दोनला
गाडी उन्हात उभी राहिली की
गिअरची मूठ पाझरायला लागते.
म्हणजे वरचं रबर. आधी चिकट झालं,
मग तळहातावर काळं उतरू लागलं,
आणि परवा त्रिमूर्तीनगरात
हेडाऊ आजींचा खांदा फिरवताना
त्यांच्या पांढऱ्या ब्लाउजवर माझ्या चार बोटांचे ठसे.
"पोरी, चूल सारवून आलीस का वं?"

अकरा वर्षं झाली या गाडीला.
मी घरोघरी जाते, लोकांचे गुडघे, खांदे, मनगटं
पुन्हा कामाला लावते.
रोज सात-आठ घरं, मधे सतरा सिग्नल,
सिग्नलगणिक पहिला, दुसरा, तिसरा, परत पहिला.
डाव्या अंगठ्याच्या बुडाशी आता
एक बारीक ठणका राहायला आलाय.
इतरांना सांगते तेच स्वतःला सांगितलं:
गरम पाण्यात धरा. पकड बदला.

पकड बदलायला ऑटोमोटिव्ह चौकात गेले.
हुजैफाभाई काउंटरवर एकेक मांडत गेला.
स्टीलचा गोळा: वजनदार, गिअर आपोआप पडतो म्हणे.
शेचाळीस डिग्रीत तो धरायचा म्हणजे तवाच धरायचा.
काचेची कवटी, डोळ्यांत लाल दिवा.
चामड्याची उंच, शिवण नेमकी तळव्याच्या मध्यात.
एक फुटबॉल.
एक गणपती, ज्याच्या डोक्यावर हात ठेवून
रिव्हर्स टाकायचा. माझी हिंमत झाली नाही.

प्रत्येक उचलून मी हवेत पाचही गिअर टाकले.
टायर फुगवणारा पोरगा हवा सोडून बघत राहिला.
मग गाडीत बसून, डोळे मिटून.
प्रत्येक मूठ कुठे ना कुठे लागतच होती,
बहुतेकदा त्या ठणक्याच्या दारातच.
"मॅडम, हे दिसाले घेते लोकं," हुजैफाभाई म्हणाला,
"धराले कोन घेते?"
पण आटी मोजून दिली त्याने, बिलाच्या पाठीवर लिहून:
दहाची, दीडचा पेच. पैसे घेतले नाहीत.

जुन्या शुक्रवारीतल्या एका गल्लीत
निनावेकाकांची लेथ आहे.
संक्रांतीला चक्र्या, एरवी लाटणी, पलंगाचे पाय.
त्याआधी, माग चालू होते तेव्हा, धोटे.
मी शिसवाचं विचारलं. ते म्हणाले,
"लाकूड मंग पाहू. हात दाखव."

वाटलं, भविष्य सांगतात की काय.
त्यांनी माझा डावा हात पालथा केला, उताणा केला,
अंगठ्याच्या बुडाशी दाबून पाहिलं.
मी "आई गं" म्हटलं तिथे
पेन्सिलीने खूण केली, हातावरच.
रोज किती हात हातात घेते मी.
दाराशी भुशात एक मांजर झोपलं होतं,
मी त्याच्याकडे बघत राहिले.

"गोल नाही करत मी. गोल कोनाच्याच हातात बसत नाही."
आत दहाचा नट ठोकून
त्यांनी ती कच्चीच दिली.
"आठ दिवस चालव. पॉलिश-बिलिश नाही.
जिथं बोचन, तिथं खडूनं खूण करून आन."

दोनदा गेले. एकदा करंगळीखाली बोचत होतं.
एकदा उगाच.

आता ती लांबुळकी आहे, एका अंगाने बसकी,
देठ काढलेल्या वांग्यासारखी.
उन्हात तापते, पण चटका देत नाही.
आकडे कोरलेले नाहीत. मी म्हटलं होतं, तर काका म्हणाले,
"तुले मालूम नाही का दुसरा कुठं आहे?"
ठणका गेलेला नाही. पण सिग्नलला
तिसऱ्यावरून पहिल्यावर येताना
तो दर वेळी आठवत नाही.

काल भावाने गाडी नेली, हिंगण्यापर्यंत.
चावी टाकत म्हणाला, "काय बसवलंस ते?
हाताला वाकडंच लागते."
"लागते ना?" मी म्हटलं,
आणि दोघांचा चहा टाकला.