चौथं रीळ

रिळांचे डबे सुवाहून निघाले सात,
लंबासाच्या धक्क्यावर उतरले सहा.
चौथा कुठे गेला ते खलाशांना ठाऊक,
नाहीतर माशांना.
माझा बाप बिसेसर, थेटरातला मशीनवाला,
डब्यांवरून हात फिरवत म्हणाला,
"चालेल. हसायला सहा पुरेत."

गोष्ट अशी होती:
कंजूष सेठ मेल्याचं सोंग घेतो,
कोण रडतं, किती रडतं, ते मोजायला.
मग स्वतःच्याच घरात, कपाटात अडकून
फटीतून वास घेत बसतो
स्वतःच्याच तेराव्याच्या पुऱ्यांचा.
तिसरं रीळ इथं संपायचं.
पाचव्यात सेठ थेट कौलांवर,
अंगावर मोलकरणीची साडी,
काखेत जिवंत बदक,
खाली बँडवाले.

मधे काय झालं?
विचारू नका.
म्हणजे विचाराच,
गाव चाळीस वर्षं तेच विचारत होतं.

बाप मशीन थांबवायचा. दीड मिनिट अंधार.
शेंगांची टरफलं कुरकुरायची,
आणि दिवसभर ऊस तोडून आलेली माणसं
एकमेकांवर खेकसायची.
झगरू शिंपी म्हणायचा, सोपं आहे,
साडी मागच्या दोरीवर वाळत होती.
रामअवध, कोर्टातला कारकून, कायदा काढायचा:
मयताला कपाटात कोंडलं तर कलम कुठलं लावणार?
धनमती मावशीला काळजी फक्त बदकाची.
आणि सितिवेनी, साखर कारखान्यातला,
ज्याची सगळी हिंदी या एका सिनेमातून आली
(मॅजिस्ट्रेटपुढेही तो सेठच्याच चढ्या सुरात बोलला,
दंड दुप्पट झाला)
तो खुर्चीवर उभा राहायचा,
हात अंगाला चिकटवून कपाट व्हायचा,
मग दार व्हायचा, मग दाराची कुरकुर,
आणि बदक कुठून आलं हे सांगायच्या आत
स्वतःच इतका हसायचा
की पाचवं रीळ सुरू व्हायचं.
बदक त्याच्या पोटातच राहिलं.

थेटरात आता टायरचं दुकान आहे.
बाप गेला, त्याच्या तेराव्याला
पुऱ्या तळता तळता
मी एकदा कपाटाकडे पाहिलं.
मी पाहिलं ते धनमती मावशीनं पाहिलं.
दोघी कढईपाशी, तोंडात पदर कोंबून,
हसत सुटलो.
आत्याला वाटलं, रडतायत बिचाऱ्या.
तिनं पाणी आणून दिलं.

मागच्या महिन्यात ऑकलंडहून भाच्यानं पाठवला
पुरता सिनेमा, फोनवर, सातही रिळं.
रात्री एकटीनं पाहिला.
चौथ्यात मोलकरीण येते,
किल्ली लावते,
दार उघडते.
झालं.
साडी तीच देते. बदक शेजाऱ्यांचं.
उरलेल्या वेळात सेठ पैशाच्या मोहावर बोलतो,
बराच वेळ बोलतो.

शनिवारी यांगोनाची करवंटी फिरत होती.
रामअवध म्हणाला,
"तुझ्याकडे आलाय म्हणे? अख्खा?"
करवंटी मधेच थांबली.
सितिवेनी काठीवर हनुवटी टेकून
माझ्याकडे बघत होता,
पोरानं मास्तरकडे निकालाच्या दिवशी बघावं तसा.
"आला होता," मी म्हटलं,
"पण चौथं रीळ लागलं
आणि फोनच बंद पडला."

त्यानं काठी बाजूला ठेवली.
भिंतीला धरून उठला,
एक गुडघा, मग दुसरा.
कपाट व्हायला
आता त्याला जरा वेळ लागतो.