खैरगावची सूट

वडकी रोडवरच्या जिनिंगात, काट्याच्या खोलीत,
माझ्या वाट्याला आला एक क्लास:
नाव जिनमॅनेजर, ओळी चार हजार सहाशे बारा.
तो गाडी मोजतो, ओल तपासतो, भाव लावतो,
पावती छापतो, गाठींना नंबर देतो,
ट्रकवाल्याच्या चहाचे पैसे
त्याच एका मेथडमध्ये वजा करतो,
आणि सात वाजले की, कुणाला न सांगता,
आवारातले दिवे लावतो.

प्रफुल गुल्हाने लिहून गेला हे सगळं,
सात हंगाम, बहुतेक रात्रपाळीत.
आता पुण्यात असतो, फोन उचलत नाही.
त्याच्या कॉमेंट मात्र अजून बोलतात:
हात लावू नये.
हे काऊन चालते मालूम नाही, पण चालते.
मार्चनंतर नीट करू.
कोणत्या मार्चनंतर, ते लिहिलेलं नाही.

मे महिना. मशीनवर ताडपत्र्या, पट्टे उतरवलेले.
दर दोन तासांनी कूलरमध्ये बादली ओततात
शालिक मडावी, सव्वीस वर्षं काट्यावर.
कीबोर्डच्या फटीत गेल्या हंगामाची रुई,
काही अक्षरं दाबली की मऊ लागतात.

मी आधी काहीच तोडलं नाही.
जुन्या पावत्यांचे गठ्ठे सोडले,
एकेक आकडा क्लासला विचारला,
तो जे म्हणाला ते टेस्टमध्ये उतरवून घेतलं,
बयाण घेतात तसं. खरं-खोटं मागाहून.
मग वजन बाहेर काढलं. मग ओल.
भाव ओढला तर त्याच्यासोबत
पावतीचं अर्धं अंग आलं, परत आत ठेवलं,
दुसऱ्या बाजूनं सोडवलं.
चहाचे पैसे चार दिवस कुठंच बसेनात.

ओळ दोन हजार एकोणनव्वद:
गाव खैरगाव आणि वार बुधवार
असेल तर ओलीची कपात करू नये.

मी हसले. म्हटलं, प्रफुलची सासुरवाडी असेल.
खोडली.
एक्केचाळीस टेस्ट लाल झाल्या,
साऱ्या बुधवारच्या.

शालिकभाऊंनी बादली खाली ठेवली.
"अवो ताई, बुधवारी बाजार रोडवरच भरते.
गाडी निंघत नाही. मंग खैरगाववाले नाल्यातून येत.
खालचा थर भिजे. अन् मीटर नेमकं खालीच खुपसत,
साऱ्या गाडीचा भाव पडे.
ते चाकाचं पाणी व्हय, लबाडीचं नोहे.
मीनंच सांगतलं होतं प्रफुलले."

"आता तर पूल झाला ना?"

"झाला." थोडं थांबून, "तुमी बैल नेऊन पाहा त्याच्यावरून."

मी ओळ परत आणली.
पण तिथं नाही, जिथं ती चहा आणि गाठींच्या मधात
श्वास दाबून उभी होती.
तिला स्वतःची चार ओळींची जागा दिली,
दारावर नाव लिहिलं: नाल्यातून आलेली गाडी.
उद्या कुणाला काढायची असेल तर काढावी,
काय काढतोय ते वाचून काढावी.
भाव बदलणं माझं काम नव्हतं.

जिनमॅनेजर आता एकोणचाळीस ओळींचा आहे.
याला विचारतो, त्याला सांगतो, बाजूला होतो.
दिव्यांसाठी शेवटी एक छोटा क्लास केला,
त्याला दुसरं काहीच येत नाही.

संध्याकाळी पायरीवर बसलो होतो,
माझ्या हातात कोमट पाण्याची बाटली,
पोटात धाकधूक.
सात वाजले. आवारात दिवे लागले,
आधी काट्यावरचा, मग गेटचा,
मग सरकीच्या शेडवरचा तो मिचमिचणारा.

शालिकभाऊंनी वर पाहिलं, खर्रा घोळवला.
"पंधरा दिवस काय केलं मंग तुमी?
सारं तर होतं तसंच हाय."