घंटी ऐकणारा

शाळेच्या पडवीत टेबल, टेबलावर परातभर गोट्या,
आणि मी. माझं काम कान देण्याचं.
माणूस पडद्याआड जातो, रंगवलेल्या पिंपांपैकी
एकात गोटी सोडतो, आत घंटी वाजते: ठण्.
एकदाच वाजली पाहिजे. दोनदा वाजली तर मी उठायचं.
आज अख्ख्या गांबियात मतदानापाशी सायकलची घंटी वर्ज्य;
पिंपाच्या तळाशी भुसा,
म्हणजे पडलेली गोटी पुन्हा बोलू नये.

सकाळपासून एकशे बारा ठण्.
कुंपणावरची पोरं म्हणतात, हा कसला खेळ,
नेम नाही, टिपणं नाही,
हातातली गोटी नुसती देऊन यायची.

न्यीमा कुजाबी आली. पोटऱ्यांवर बिंटांगच्या खाडीचा चिखल,
कालवं फोडून फोडून बोटांना चरे.
शाई लावून घेताना म्हणाली, झोंबते रे.
आत गेली.
आणि घंटी वाजेना.

मी शंभरपर्यंत मोजलं. एजंट चुळबुळले.
कुणी म्हणालं, म्हातारीला पिंप दिसत नसेल.
मग ठण्.

बाहेर येऊन माझ्यापाशीच थांबली.
"मागच्या खेपेला गेले तशी आले.
तांदळाचं पोतं घेतलं होतं, खाल्ल्या मिठाला जागले.
पोतं अकरा दिवस पुरलं.
पुढचा पावसाळा सरता सरता
सुलेमान मास्तरला रात्री घरातून नेलं.
त्याची बायको अजून दोघांचा भात रांधते.
मला कुणी बोललं नाही. बोलणार कसं?
पण खाडीत वल्हं थांबवलं की
ऐकू येतं."

मी म्हणालो, एका गोटीनं काय होतं, मावशी?
तिनं परातीकडं पाहिलं.
"मग एवढ्या कशाला आणल्यास?"

पाचला रांग संपली. शेवटची गोटी माझी.
मागच्या वेळी मी दाराजवळच्या पिंपात टाकली होती,
जेवण निवत होतं म्हणून.
हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.
बेरीज मला सुलेमान मास्तरनं शिकवली.

आता पडद्याआड तीन पिंपं, तीन फोटो.
बाहेर माझ्या खुर्चीवर दुसरंच कुणी
कान देऊन बसलंय.
गोटी तळहातात तापत चाललीय.
मी शंभर मोजतो.
पुन्हा एकपासून.