घडी

इर्मेला टालहोफरला रात्रीशी देणंघेणं नाही.
तिचा तारा दिवसाढवळ्या दिसतो,
म्हणजे तसा दिसत नाहीच.
हवेच्या वर फिरणाऱ्या दुर्बिणीत
सोन्याचा मुलामा दिलेले आरसे आहेत,
कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक,
आणि क्ष-किरण समोरून आदळला
तर आरशात मुरून संपतो.
म्हणून त्याला तिरकंच यावं लागतं,
काचेच्या अंगाला ओझरतं घासून,
अवघड काही सांगायचं असलं की
आपण आधी हवापाण्याचं बोलतो, तसं.

गार्खिंगला, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकीत इझारकाठची झाडं
आणि पडद्यावर नुसती वेळांची यादी:
इतक्या वाजता, इतक्या सेकंदाला, एक कण आला.
मग बराच वेळ काही नाही.
मग एक.
मग लागोपाठ दोन,
जसे वाटेत बोलत आले.
चारशे वर्षांमागे निघालेत ते,
पाचपन्नास इकडेतिकडे;
तेव्हा बव्हेरियाच्या कोठारांतून
स्वीडिश सैनिक धान्य हुडकत होते.

तारा केवढा?
म्युनिकच्या बाहेरवळणाच्या रस्त्याआत मावेल.
वजनाला सूर्याहून भारी.
बाकीचे रकाने इर्मेलानं कधीच भरलेत:
सोबती, नाही.
स्फोटाचे अवशेष, नाही.
रेडिओ, गप्प.
दुसऱ्याचं ओरबाडून उजळणारे पुष्कळ असतात,
हा आपल्या उरल्या उबेवर आहे,
सात लाख अंश, आणि निवत चाललेला.

कोरबिनियान म्हणतो, फिरत असेलही,
पण अंगावर डाग नको का?
कोरं लाटणं फिरतंय की थांबलंय
कुणाला कळणार!
तो सव्वीस वर्षांचा आहे
आणि बहुतेक वेळा बरोबर असतो.

अशा वेळी यादीची घडी घालतात.
काळाची ती लांबच लांब पट्टी
पाच सेकंदांवर दुमडायची, सहावर,
साडेसहावर,
थरावर थर. माप चुकलं
तर सगळं सपाट, इस्त्री केल्यासारखं.
माप जुळलं तर काठाला काठ लागतो
आणि कुठेतरी, शंका यावी इतपत,
फुगवटा येतो.

गुरुवारी तळघरातल्या धुलाईखोलीत तिची पाळी.
पलंगाची चादर एकटीनं दुमडता येत नाही,
म्हणजे येते,
मध्य हनुवटीखाली धरायचा,
हात ताणायचे, बुजगावण्यासारखे,
तरी एक कोपरा दोन बोटं बाहेर राहतोच.
झेंटा होती तेव्हा दोघी
चार पावलं मागे जायच्या, चार पुढे यायच्या,
टोकं एकमेकींच्या हातात द्यायच्या
आणि पुन्हा मागे.
आईच्या घरावरून बिनसलं त्याला सहा वर्षं झाली.
झेंटा लेंग्रीसलाच आहे.
रेल्वेनं तासाभराच्या वर थोडं.

पावणेनऊ सेकंदांवर
शंभर कणांमागे एक कण जास्त आला.
कोरबिनियाननं आकडे पाहिले,
पेन्सिल कानामागे खोचली:
हा योगायोगही असू शकतो.
असू शकतो, इर्मेला म्हणाली.
वाद घातला नाही.
आणखी साठ तास मिळावेत म्हणून
अर्ज लिहायला घेतला,
कारणांच्या जागी लिहिलं,
पृष्ठभागावर एखादी जागा
बाकीच्याहून किंचित गरम असण्याची शक्यता.
किंचित हा शब्द खोडला.
पुन्हा लिहिला.

रविवारी फोन लावला.
झेंटा, लेंग्रीसला पाऊस आहे का?

पलीकडे काही नाही.
तिला मोजायची सवय, ती मोजत राहिली,
सहा, सात,
भिंतीवरचं घड्याळ तिच्या किंचित मागे.

गवत अजून कापायचं राहिलंय,
झेंटा म्हणाली.